सहाच्या आधी मोटार नाही

मंगळवारी सकाळी हवालदाराने मोजली तेव्हा टोमॅटोची चारशे बारा रोपं उभी होती. लावली होती चारशे ऐंशी, वीस-वीसच्या चोवीस ओळींत. उभ्यांपैकी एकशे सदतीस रोपांनी माना टाकल्या होत्या. फळ धरलेली चाळीस होती, त्यांतलं सगळ्यात मोठं फळ लिंबाएवढं. विहिरीत पाणी कठड्यापासून नऊ मीटर एकाहत्तर सेंटिमीटरवर होतं. हे सगळं त्याने शिसपेन्सिलीने वहीत लिहिलं, वेळ लिहिली, पाच वाजून पन्नास मिनिटं, आणि टेप गुंडाळला.

"झालं का हो मोजून?" बायको मोटारीच्या खोलीच्या दारातून म्हणाली. त्याने ऐकलं नाही. ती चार पावलं पुढे येऊन त्याच्या उजव्या बाजूला उभी राहिली. "झालं का?"

"झालं. कर चालू."

सहाला बरोबर तिने मोटार चालू केली. सहाच्या आधी मोटार नाही, हा वडिलांनी घालून दिलेला नियम होता. वीज पहाटे चारलाच यायची आणि आठला जायची, पण विहिरीला रात्रभराचे झरे पुरते गोळा करू द्यायचे, मगच उपसायचं. एक दिवस थोरल्याची पाळी, एक दिवस धाकट्याची. वडील जाऊन नऊ वर्षं झाली तरी नियम तोच होता.

हवालदार फावडं घेऊन पाण्याच्या दांडात उभा राहिला. पाणी पहिल्या ओळीत शिरलं, दुसरीत शिरलं. तो पायाच्या अंगठ्याने माती दाबत पाण्याबरोबर चालत होता. सहाव्या ओळीच्या मध्यावर धार बारीक झाली, मग पाइपातून फसफस हवा आली. बायकोने मोटार बंद केली.

"बावीस मिनिटं," त्याने घड्याळ बघून म्हटलं. "गेल्या पाळीला सव्वीस होती."

"विहीरच आटतेय. तुम्ही आवरा, बस चुकेल."

उरलेल्या अठरा ओळी कोरड्या होत्या. त्याने फावडं धुतलं नाही, धुण्यासारखं ते ओलं झालंच नव्हतं.

अंगणात दादा दात घासत बसले होते. दादा त्याच्याहून नऊ वर्षांनी मोठे. त्यांच्या शेंगांच्या वेलांवर या दिवसांतही हिरवा रंग होता. त्यांनी चूळ भरली आणि खिशातून एक घडी घातलेला फॉर्म काढला.

"बघ, अजून जागा आहे कारखान्यात. पहारेकऱ्याची. माजी सैनिक असला की विचारतसुद्धा नाहीत. महिनाअखेरपर्यंत भरून द्यायचा."

"टोमॅटो निघू दे, मग बघू."

"टोमॅटो," दादा म्हणाले आणि हसले. "फौजेत गोळे मोजायचास, आता रोपं मोजतोस. मोजून वाढतात होय रे?"

सगळ्यांना ठाऊक होतं की टोमॅटो हातचे गेले तर कॉलेजही जाणार. सतरा वर्षं तोफखान्यात काढून तो घरी आला, सदतिसाव्या वर्षी विज्ञानाच्या पहिल्या वर्गात जाऊन बसला, आणि आता दुसऱ्या वर्षाला होता. घराने एवढंच मान्य केलं होतं की त्याच्या वाटणीच्या शेतावर त्याचं भागलं पाहिजे. नाही भागलं तर पुन्हा वर्दी, हातात काठी, आणि कारखान्याचं फाटक. त्याची जमीन मग दादा कसतील, हेही त्याच बोलण्यात ठरून गेलं होतं. कोणी ठरवलं होतं ते आता कोणाला आठवत नव्हतं.

वर्गात तो पहिल्या बाकाच्या डाव्या टोकाला, भिंतीला डावा खांदा लावून बसायचा. त्यामुळे सगळा वर्ग त्याच्या उजव्या कानाकडे यायचा. मुलं त्याला काका म्हणायची.

"काका, जरा मान खाली घ्या ना, फळा दिसत नाही."

"फळा दिसत नाही का माझी मान बघवत नाही?"

"दोन्ही," मागून कोणीतरी म्हणालं आणि बाक हसला. हे त्याला ऐकू आलं नाही. शेजारच्या आचाऱ्याने कोपराने ढोसलं तेव्हा तोही उशिरा हसला.

आचारी त्याच्याच तुकडीत स्वयंपाकी होता, त्याच वर्षी सुटला होता. फौज सोडताना शेवटची तपासणी झाली तेव्हा डॉक्टर सहा मीटर मागे उभे राहून कुजबुजत आकडे म्हणायचे आणि समोरच्याने ते मोठ्याने सांगायचे. डाव्या कानाच्या वेळी हवालदाराला काहीच कळलं नाही. पण समोरच्या खिडकीबाहेर रांगेत आचारी उभा होता, आणि तो डॉक्टरांचे ओठ बघून मांडीवर बोटं उघडत होता. चार. नऊ. दोन. कागदावर शिक्का पडला, दोन्ही कान उत्तम. तुकडीतले सगळेच असं करायचे. कान गेला म्हणणारा माणूस कच्चा, अशी तिथली समजूत होती. घरी आल्यावर दादा कॉलेजातून प्रवेशाचा फॉर्म घेऊन आले होते आणि म्हणाले होते, "कानाचं तिथे बोलू नकोस. ऑफिसात विचारून आलोय. बहिऱ्याला प्रयोगशाळेत घेत नाहीत, कळलं तर मधूनच काढतात." तेव्हापासून घरातल्या घरातही कानाचा विषय कोणी काढत नव्हतं.

"परीक्षेत पण बोटं दाखवू का?" आचारी अधूनमधून विचारायचा.

"तुला उत्तरं येत असती तर दाखव म्हटलं असतं."

तास संपल्यावर तो बाईंच्या टेबलापाशी गेला. भूगर्भातल्या पाण्याचा विषय त्या शिकवायच्या. वयाने त्याच्याहून दहा वर्षांनी लहान होत्या आणि त्याला अहो-जाहो करायच्या, त्याचा दोघांनाही थोडा त्रास व्हायचा. वर्गातल्या प्रत्येकाला त्यांनी एकेक विहीर मोजायला दिली होती, संध्याकाळी सातला आणि सकाळी सहाच्या आत. त्याने बारा दिवसांचा आलेख पुढे ठेवला.

"काहीतरी नवीन सापडलंय, मॅडम. विहीर एक दिवस भरते, एक दिवस भरत नाही. बघा. एका रात्रीत अडुसष्ट सेंटिमीटर वर येते, दुसऱ्या रात्रीत नऊ. पुन्हा पासष्ट, पुन्हा अकरा. मला वाटतं खाली खडकात पोकळी असेल. ती भरायला एक रात्र लागत असेल आणि..."

बाईंनी आलेख बघितला. करवतीच्या दात्यांसारखी रेघ होती, सहा दाते, सगळे सारखे.

"या नऊ-अकरावाल्या सकाळी काय असतं तुमच्याकडे?"

"माझी पाळी असते. पाण्याची. उरलेल्या भावाच्या."

"मग खडकाला तुमची पाळी कशी कळते?"

त्याने एकेका दात्यावर बोट ठेवून तारखा मोजल्या.

"मोजमाप फार चांगलं आहे," बाई म्हणाल्या. "बारा दिवसांत एकही वेळ चुकलेली नाही. पण हा आलेख खडकाचा नाही. माणसाचा आहे. तुम्ही झोपलेले असताना कोणीतरी पाणी उपसतंय." मग त्यांनी वही त्याच्याकडे सरकवली आणि सहज म्हणाल्या, "आणि हे बघा, मी बोलताना तुम्ही मान वळवू नका. मीच इकडून बोलते. डाव्या कानाने येत नाही ना तुम्हाला?"

त्याने वही मिटली. "येतं की. थोडं कमी येतं."

"पहिल्या महिन्यातच लक्षात आलं होतं माझ्या. म्हणून तर सगळं फळ्यावर लिहिते."

"मग... मला काढणार नाही?"

"कशाबद्दल?"

"बहिऱ्याला घेत नाहीत म्हणे प्रयोगशाळेत."

"कोण म्हणालं? असा काही नियमच नाही. ऑफिसात अर्ज द्या, परीक्षेला तोंडी सूचना लेखी मिळतील."

बसमध्ये तो खिडकीशी बसला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा डावा कान माणसांकडे करून बसला. शेजारचा काय बोलला ते कळलं नाही. तो नुसता हसला. घरी सांगायला काहीतरी होतं. आणि चोर कोण तेही त्याच्या मनाने उतरेपर्यंत ठरवून टाकलं होतं. पोस्टमन. बांधाला बांध लागून त्याची विहीर होती, दोन्ही विहिरींचे झरे एक असल्याचं जुनी माणसं सांगायची, आणि त्याचा घेवडा फुलावर होता.

पोस्टमनला टपालखात्यातून निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती, तरी अंगावर अजून खाकी शर्ट असायचा. तो बांधावर बसून जुन्या पाइपाला रबर गुंडाळत होता.

"काय हवालदार, शाळा सुटली?"

"माझ्या पाळीला तुम्ही पहाटे मोटार लावता," हवालदार म्हणाला. आवाज त्याला वाटला त्याहून मोठा गेला. पलीकडच्या शेतातल्या दोन बाया वाकलेल्या सरळ झाल्या. "बारा दिवसांचं मोजमाप आहे माझ्याकडे. लेखी."

पोस्टमनने रबराचं टोक दातात धरलं होतं ते काढलं.

"कशाचं मोजमाप?"

"पाण्याचं. एक दिवसाआड चोरी होते. शरम वाटायला पाहिजे. म्हाताऱ्या माणसाने..."

"थांब. मोटार पहाटे चारला लागते, हे खरंय. साडेपाचला बंद होते. तिच्या आवाजावर मी उठतो, चहा टाकतो."

"मग तुम्हीच कबूल..."

"अरे, तुझी मोटार!" पोस्टमन म्हणाला. मग बायांकडे बघून त्याने आवाज खाली आणला, आणि हवालदाराला तो ऐकायला पुढे झुकावं लागलं. "माझी मोटार महिनाभर जळून पडलीय. त्या खोलीत ये आणि बघ. तुझ्याच विहिरीवरची तुझ्याच घरची मोटार रडते एक दिवसाआड. अर्ध्या गावाला ऐकू येते. तुला येत नाही हेही गावाला ठाऊक आहे. मला वाटलं, भावाभावांचं काही ठरलं असेल."

बाया परत वाकल्या. एक काहीतरी म्हणाली आणि दुसरी पदर तोंडाला लावून हसली. काय म्हणाली ते त्याला कळलं नाही. कळायची गरजही नव्हती.

घरी त्याने कोणाला काही विचारलं नाही. पोस्टमन खोटं बोलत असेल, असं त्याने स्वतःला दोनदा सांगितलं. जेवताना आई म्हणाली, "कॉलेजात काय झालं आज?" तो म्हणाला, "काही नाही." वहिनी वाढताना म्हणाल्या, "भाऊजी, अजून घ्या." त्याने घेतलं. दादा त्याच्या डाव्या हाताला बसले होते. ते नेहमीच तिथे बसायचे. त्यांचे ओठ हलले, बायकोने खाली बघितलं, आई उठून आत गेली. किती वेळा असं झालं असेल, याचा त्याने हिशेब करायचा प्रयत्न केला. मोजायला सुरुवात कुठून करायची ते कळेना.

बुधवारची पाळी दादांची. सहाला दहा कमी असताना पाणी सहासष्ट सेंटिमीटर वर आलेलं होतं. दादांनी सहाच्या ठोक्याला मोटार लावली, घड्याळाकडे बोट दाखवलं आणि त्याच्याकडे बघून मान हलवली. नियम म्हणजे नियम.

गुरुवारी त्याची पाळी. पहाटे उठायचं होतं, पण उठवणार कोण? गजर लावला तर घंटेने सगळं घर जागं झालं असतं. रोज बायको खांदा हलवून उठवायची, पावणेसहाला. तिला सांगायचं नव्हतं. मग त्याने पहाऱ्यावरची जुनी युक्ती केली. झोपताना दोन तांबे पाणी प्यायला. पलंग मागच्या अंगणापलीकडच्या खोलीत होता. महिन्यापूर्वी बायकोने तो पुढच्या खोलीतून तिकडे नेला होता, वारा लागतो म्हणून. वारा खरंच लागायचा.

ओटीपोट फुगून त्याला जाग आली तेव्हा पाच वाजून छत्तीस मिनिटं झाली होती. शेजारी बायको जागी होती. पाठ करून पडली होती, पण तिचा श्वास झोपलेल्या माणसाचा नव्हता. तो उठला, लघवी करून आला आणि अनवाणी मोटारीच्या खोलीकडे गेला. बाहेर फटफटलं होतं. खोलीत कोणी नव्हतं. मोटार बंद होती.

त्याने तिच्या अंगावर हात ठेवला. तीन म्हणेपर्यंत ठेववला नाही.

पाइपाचा वाल्व्ह दादांच्या शेताकडे वळलेला होता. तिकडचा दांड ओला होता, आणि पाण्याच्या कडेला फेस अजून फुटत होता.

"उठलास होय," दादा मागून म्हणाले असावेत. तो वळला तेव्हा ते दारात उभे होते, पायांना चिखल, खांद्यावर फावडं.

"किती दिवस?"

दादांनी फावडं भिंतीला टेकवलं. ते घाबरले नव्हते. दमलेले दिसत होते.

"शेंगा वाळत होत्या. एक दिवस अर्धा तास घेतलं, म्हटलं सांगू तुला. मग राहून गेलं."

"महिनाभर?"

"तू नव्हतास इथे सतरा वर्षं. विहिरीत उतरून गाळ कोणी काढला? दोरीने टोपल्या ओढून माझ्या हाताची सालं गेली. तू सुट्टीला यायचास आणि नवी पॅन्ट घालून फिरायचास. आता आलास तर अर्धं पाणी तुझं. आणि करणार काय, तर कॉलेज. चाळिशी आली तुझी. कारखान्यात उभा राहिलास तर सगळ्यांचं नीट होईल. मी तुझं वाईट नाही करत."

"कारखान्याचा फॉर्म आणलात तेव्हा पण पाणी काढत होतात."

तेवढ्यात वहिनी, आई आणि बायको अंगणातून आल्या. आईने लुगड्याचं टोक हातात घट्ट धरलं होतं.

"आई, तुला ठाऊक होतं?"

"ओरडू नकोस. पोस्टमनच्या घरापर्यंत जातंय."

"पोस्टमनला आधीच ठाऊक आहे. त्या मोटारीवर तो चहा टाकतो."

"तुला झोप लागायची," आई म्हणाली. "म्हटलं, झोपू दे. फौजेत झोप मिळाली नाही तुला."

तो बायकोकडे वळला. ती त्याच्या उजव्या बाजूला येऊन उभी राहिली, सवयीने.

"तू जागी असायचीस."

"दादा म्हणाले, भांडण झालं की कानाचं बाहेर पडेल. तुमची सीट जाईल. दोन वर्षं फुकट जातील." ती पायाच्या नखाने माती उकरत होती. "मी काय करणार होते? मला रोज वाटायचं, आज तुम्ही उठाल. आवाजाने उठाल. तुम्ही उठला नाहीत."

"बाईंना पहिल्या महिन्यातच कळलं होतं कानाचं. तसा काही नियमच नाही."

त्याने दादांकडे बघितलं. दादा फावड्याच्या दांड्यावरचा चिखल अंगठ्याने काढत होते.

"ऑफिसात विचारलं होतंत ना?"

"तेव्हा ऑफिस बंद होतं," दादा म्हणाले. "तिथल्या एकाने सांगितलं." आणि फावडं उचलून ते शेंगांकडे गेले. वहिनी त्यांच्यामागे गेल्या. आई तिथेच खाली बसली.

सहा वाजले होते. त्याने वाल्व्ह टोमॅटोकडे फिरवला. मग खोलीत जाऊन गजराचं घड्याळ, वही आणि पेन्सिल आणली. घड्याळ मनगटी घड्याळाशी लावून बघितलं. तोफा डागायच्या आधी दोन चौक्यांवरची घड्याळं जुळवायचे, तसं सेकंदाला सेकंद जुळवलं, आणि ते वहीतल्या एका कागदासह बायकोच्या हातात दिलं.

"हे काय?"

"तू इथे थांब. तुला वाटेल तेव्हा मोटार चालू कर, वाटेल तेव्हा बंद कर. प्रत्येक वेळी घड्याळात बघून वेळ लिही. मला हात करायचा नाही, हाक मारायची नाही."

"मोटार जळेल अशाने. पाणी तरी कुठाय?"

"दहा वेळाच कर."

"कशाला पण?"

"तपासणी राहिलीय माझी. एकदा नीट झाली नव्हती."

तिने घड्याळ धरलं. "काय लिहू?"

"खरं लिही."

तो मागच्या खोलीत जाऊन पलंगावर उजवा कान वर करून पडला. मनगट डोळ्यांसमोर धरलं. पाच मिनिटं काही ऐकू आलं नाही. मग तो उठला, मोटारीकडे पाठ केली आणि एकेक पाऊल मागे, मोटारीच्या दिशेने, सरकत निघाला. पाऊल फौजेतलं, पाऊण मीटरचं, पुढे-मागे कसंही टाकलं तरी तेवढंच पडणारं. दर दोन पावलांना थांबून डोळे मिटायचा. आवाज आला असं वाटलं की वेळ लिहायचा. आला नाही तर आला नाही असं लिहायचा. खिडकीबाहेर बोटं उघडणारं कोणी नव्हतं. अंगण संपलं, पुढच्या खोलीचं दार आलं. मग दुसऱ्या फेरीला त्याने उजव्या कानात कापूस कोंबला, वरून तळवा दाबला, आणि तसाच पाठमोरा अंगण, ओटा, बांध ओलांडत गेला. बांधावरून पोस्टमन बघत होता. तो हसला नाही.

आठला वीज गेली. बायकोने कागद आणून दिला. त्याने दोन्ही कागद कठड्यावर शेजारी ठेवले, वेळेला वेळ जुळवली. एकही वेळ चुकलेली नव्हती. मग पुढच्या खोलीत गेला. पलंगाच्या चार पायांचे डाग फरशीवर अजून होते. तिथून मोटारीपर्यंत त्याने पावलं टाकली, आणि मागच्या खोलीतल्या पलंगापासून पुन्हा टाकली. बायको कठड्यापाशी उभी होती. तो जवळून गेला तेव्हा ती काहीतरी म्हणाली, पण ती डाव्या बाजूला होती.

वहीत पाण्याच्या आकड्यांखाली त्याने रेघ ओढली आणि शाईच्या पेनाने लिहिलं :

डावा कान, मोटार ऐकू येते : चौदा पावलांपर्यंत.
उजवा कान, मोटार ऐकू येते : एकशे नऊ पावलांपर्यंत.
मोटारीपासून पलंगाची जुनी जागा, पुढची खोली : एकशे एक पावलं.
मोटारीपासून पलंगाची आताची जागा, मागची खोली : एकशे सतरा पावलं.